रोस्कोचा ब्रेक

“पण पाय हा सायकलचा भाग आहे का?” नगर समितीच्या व्हिटेकरबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

सिटी हॉलमधल्या त्या सुनावणीत तोवर नुसती हमरीतुमरी चालली होती. या प्रश्नावर मात्र सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. शहरातल्या प्रत्येक सायकलला हाताने दाबायचा एक तरी ब्रेक हवा, असा कायदा येऊ घातला होता. आमच्या कुरिअरवाल्यांच्या सायकलींना ब्रेकच नसतो. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. थांबायचं तर पाय ताठ करून पॅडल अडवायचं.

“पाय काढून घ्या बाई, मग बघा सायकल किती चालते,” रोस्को म्हणाला. मागे बसलेल्या आमच्या पोरांनी बाकं बडवली.

रोस्को त्रेपन्न वर्षांचा, आमच्यातला सगळ्यात जुना. बावीस वर्षं तो फिलाडेल्फियातल्या वकिलांची पाकिटं पोचवतोय आणि बावीस वर्षं मी माझ्या इवल्याशा कुरिअर कंपनीच्या ऑफिसात बसून त्याला रेडिओवरून पत्ते सांगतेय. पोरं त्याला ‘पॉप्स’ म्हणतात. कायद्याची बातमी आली तेव्हा बोलायला सगळ्यांनी त्यालाच पुढे ढकललं. आदल्याच आठवड्यात तो माझ्या टेबलाआड उजव्या गुडघ्यावर बर्फ धरून बसला होता, हे त्यांना कुठे माहीत होतं?

“एक ब्रेक लावून घे ना,” मी तेव्हा म्हटलं होतं. “कोण हसतंय तुला?”

“सगळे. ब्रेकवाल्यांना मीच हसत आलोय की इतकी वर्षं.”

“मग हा कायदा तुझ्या पथ्यावरच पडला म्हणायचा.”

त्याने बर्फ गुडघ्याच्या दुसऱ्या बाजूला सरकवला. “कायद्यानं लावायला लावला तर लावेन, डॉली. शिव्या घालत लावेन. पण पॉप्सच्या गुडघ्यानं हात टेकले, असं कुणी म्हणायला नको.”

म्हणजे ज्या कायद्याशी हा माणूस भांडत होता, तो मंजूर व्हावा असंच त्याला मनातून वाटत होतं. आता हा करतो काय, हे बघायला मी मुद्दाम ऑफिस बंद करून आले होते.

“थांबून दाखवा,” व्हिटेकरबाई म्हणाल्या आणि सगळी समिती खाली अंगणात उतरली. एका कारकून बाईने फरशीवर खडूची रेघ ओढली.

हरायचं असतं तर रोस्कोला तिथे सहज हरता आलं असतं. पण एवढ्या लोकांसमोर त्याच्या पायांनी त्याचं ऐकलं नसावं. तो सुसाट आला, टायर खर्रकन घासलं आणि पुढचं चाक बरोबर रेघेवर येऊन थांबलं. सगळे रेघेकडे बघत होते. मी त्याच्या आवळलेल्या जबड्याकडे बघत होते.

“आता ब्रेकवाली,” बाई म्हणाल्या. कारकून बाईने आपली सायकल पुढे केली. पुढे टोपली, टोपलीत जेवणाचा डबा, दोन्ही हातांना ब्रेक.

“ही तर माझी आजीसुद्धा थांबवेल,” म्हणत रोस्को चढला.

रेघ जवळ आली तसे त्याने सवयीने पाय ताठ केले. पॅडल उलटं गरागरा फिरलं. हात मात्र हँडल नुसतं धरून बसले. बावीस वर्षांत त्यांना कुणी थांबायला सांगितलंच नव्हतं. रेघ गेली, समिती बाजूला पळाली, आणि रोस्को फुलांच्या कुंड्यांत जाऊन पडला. कारकून बाईचं सॅलड व्हिटेकरबाईंच्या बुटांवर.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी बूट झटकले आणि गंभीरपणे म्हणाल्या, “बिनब्रेकची थांबली, ब्रेकवाली थांबली नाही. हे मला नीट कळेपर्यंत मी मत देणार नाही.”

दोन आठवड्यांत तो कायदा बासनात गेला.

पोरांनी रोस्कोला खांद्यावर घेतलं, बिअर पाजली. तो हसला, सगळ्यांच्या टाळ्या घेतल्या. मग माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, “जिंकलो, डॉली.” मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी मी भिंतीवर नोटीस चिकटवली. सोमवारपासून आपल्या प्रत्येक सायकलला हाताचा ब्रेक हवा. विमावाल्यांचा हट्ट आहे. ब्रेक नाही, त्याला पाकीट नाही. विमावाले बिचारे एका शब्दाने काही बोलले नव्हते.

“सरकारनं सोडलं आणि तू धरलंस होय?” निको नावाचा पोरगा तणतणला.

सगळ्यात मोठा आवाज रोस्कोचा. “बावीस वर्षं इथं टायर झिजवले, आणि आता ही बया मला थांबायला शिकवणार!” त्याने मला आणि विमावाल्यांच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. पोरं गेल्यावर तो नोटिशीपाशी थांबला. एका कोपऱ्याची चिकटपट्टी सुटली होती. ती त्याने अंगठ्याने नीट दाबून बसवली आणि गेला.

रोस्को आल्याचं मला दारातल्या टायरच्या खर्र आवाजावरून कळायचं. मान वर न करता मी पहिलं पाकीट पुढे सरकवायचे. त्या सोमवारी मी कान देऊन बसले होते. बराच वेळ झाला, आवाज काही येईना. शेवटी मान वर केली, तर तो टेबलासमोर उभा, हात पुढे करून.

“कधी आलास?” मी विचारलं.

“मघाशीच,” तो म्हणाला.