खिडकीजवळची खुर्ची

दोन बहिणींचं सलून होतं आणि त्यात खुर्च्याही दोनच होत्या. एक खिडकीजवळ आणि दुसरी आत, बेसिनला लागून, ट्यूबलाइटखाली. खिडकीजवळची ताईची. हे ठरवलं आईने, दुकान उघडलं त्याच दिवशी. "रस्त्यावरून जाणाऱ्याला आधी गोरा चेहरा दिसला पाहिजे," ती म्हणाली होती, "म्हणजे पाय आपोआप आत वळतात." धाकटी काळी. नुसती सावळी-बिवळी नाही, चांगली काळी. तिने कुरकुर केली तेव्हा आई म्हणाली, "ट्यूबलाइट काय वाईट आहे? लख्ख तर आहे!" धाकटी मूग गिळून आत जाऊन उभी राहिली, ती राहिलीच.

आता खरं सांगायचं तर उजेडाची गरज होती ती धाकटीलाच. ताई केस कापायची, धाकटी रंगवायची. ट्यूबलाइटखाली तपकिरी कुठला आणि तांबूस कुठला, हे कुणाच्या बापाला कळत नाही. म्हणून धाकटी प्रत्येक गिऱ्हाईक ओल्या केसांनिशी, खांद्यावर टॉवेल टाकून दारात न्यायची. तिथे रंग निरखायची, फोनवर फोटो काढून त्या बाईला दाखवायची आणि पुन्हा आत आणायची. थंडीत बायका कुडकुडायच्या, चिडायच्या. "खिडकीजवळ का बसवत नाहीस गं?" असं कुणी विचारलं, की ही म्हणायची, "तिथे आमची ताई असते."

तर दुकानाचा जुना बोर्ड उन्हाने विटला होता. नव्यावर दोघींचे चेहरे छापायचे ठरले. छपाईवाल्याला फोटो संध्याकाळपर्यंत हवा होता. धाकटी त्या दिवशी ठेवणीतला निळा शर्ट घालून आली. दुकानात निम्मा पैसा तिचा, निम्म्याहून जास्त घाम तिचा. आपलं तोंड रस्त्यावर, दुकानाच्या कपाळावर, मालकीण म्हणून लागावं असं तिला फार वाटत होतं. बोलली मात्र नव्हती कुणाला.

फोटो काढायला भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, नवा फोन आणि गोल रिंग लाइट घेऊन हजर झाले. भाऊजी उंटावरचे शहाणे. दोघींना पांढऱ्या टाइल्सच्या भिंतीला टेकवून त्यांनी आधी फ्लॅश मारला. ताईचं कपाळ चुन्यासारखं पांढरंफटक आलं आणि धाकटीचे फक्त दात आले.

"हिच्यामुळे फोटोच अंधारतो," भाऊजी म्हणाले.

"माझ्यामुळे?"

"तुझ्या रंगामुळे गं. राग मानू नकोस, फोनचं गणित असतं ते."

मग त्यांनी रिंग लाइट दोघींच्या तोंडासमोर आणून लावला, फोनमध्ये काहीतरी दाबलं आणि पुन्हा फोटो काढला. या वेळी आई गल्ल्यावरून उठून बघायला आली. तिचा चेहरा फुलला. "अगं बाई! किती छान दिसतेयस! कशी उजळ आलीयस बघ."

धाकटीने पाहिलं. ताईशेजारी एक पिठाच्या गिरणीतून निघालेली बाई उभी होती. नाक बारीक, गाल गुळगुळीत, गळा मात्र काळाच, कारण फोनला तिथवर पोचता आलं नव्हतं.

"ही कोण?" धाकटीने विचारलं.

"तूच की," आई म्हणाली.

"मी नाही. या बाईला शोधत कुणी आत आलं, तर मी काय सांगू? ती आज सुट्टीवर आहे म्हणून?"

"नसती नाटकं करू नकोस," ताई म्हणाली. ती आपल्या खुर्चीत बसली होती, खिडकीतल्या उजेडात, पाय हलवत.

भाऊजींनी तोडगा काढला. बोर्डावर ताईचा एकटीचा फोटो टाकू आणि खाली 'व सहकारी' असं लिहू. कुणी दुखावणार नाही.

धाकटी भिंतीपासून पुढे आली. सहकारी! आयुष्यभर ताईच्या मागे उभं राहिल्याचं हे बक्षीस. रडू आलं होतं, पण ते तिने रागावर ढकललं, कारण रागाने निदान हात चालतात.

"फोन द्या इकडे," ती म्हणाली.

"अगं, तुला काय..."

"द्या म्हणते ना!"

पण फोन हातात आल्यावर तिने तो परत त्यांच्याच हातात ठेवला आणि खिशातून स्वतःचा काढला. दारात काढलेले गिऱ्हाइकांचे फोटो तिने भराभर मागे सरकवले. एका ठिकाणी ती थांबली. एका बाईचे केस, आणि फोनचा पुढचा कॅमेरा चालू राहिल्याने कडेला चुकून आलेला तिचा स्वतःचा चेहरा. बाजूने दिवसाचा उजेड, मागे दुकानातला काळोख. चेहरा काळा होता आणि लख्ख दिसत होता. गालाचं हाड, भुवईजवळचा व्रण, डोळ्यांतली मस्करी, सगळं जिथल्या तिथे. हाताच्या कांकणाला आरसा कशाला! फोटो तिच्यामुळे अंधारत नव्हता.

"ट्यूबलाइट बंद करा," ती म्हणाली. कुणी हललं नाही, तेव्हा तिने स्वतःच बंद केली. रिंग लाइटही विझवला. मग गिऱ्हाइकांच्या अंगावर घालायच्या काळ्या चादरी तिने टाइल्सच्या भिंतीवर चिमट्यांनी लटकवल्या. पांढरी भिंत दिसली, की फोन भिंतीसाठी उजेड कमी करतो आणि माणूस बुडतो, हे दारातल्या फोटोंनीच तिला शिकवलं होतं. आता राहिली खिडकी.

"ऊठ, ताई."

"का?"

"मला खिडकीला लागून उभं राहायचंय. तू तिकडे, दोन पावलं मागे."

"ही खुर्ची माझी आहे."

"खुर्ची तुझी असेल. उजेड कुणी तुझ्या नावावर केलाय?" धाकटीचा आवाज चढला. "तुला थोडका उजेड पुरतो, मला जास्त लागतो. इतकी साधी गोष्ट आहे. तू उजेडात आणि मी मागे उभी राहिले, तर फोन तुझ्यासाठी उजेड कमी करणार आणि मी राहणार कोळसा. तू मागे गेलीस तर दोघी दिसू. ऊठ, नाहीतर मी छपाईवाल्याला कळवते, की बोर्ड नको."

ताई आईकडे बघायला लागली. आई भाऊजींकडे. भाऊजी फोनकडे. शेवटी ताई उठली.

"आई, तू हा पांढरा टॉवेल धर. इथे, माझ्या या गालाच्या बाजूला. खिडकीचा उजेड त्यावर आपटून माझ्याकडे परत आला पाहिजे."

"मी?"

"तूच."

आईने टॉवेल धरला. "हात भरून आला गं," ती लगेच म्हणाली.

"भरू दे. आणखी वर धर."

रिंग लाइटच्या दांडीला धाकटीने स्वतःचा फोन अडकवला. त्या दिव्याचा तेवढाच काय तो उपयोग झाला. पडद्यावर आपल्या चेहऱ्यावर बोट दाबलं, बाजूला उजेड कमी-जास्त करायचा छोटा सूर्य उमटला, तो तिने किंचित खाली ओढला. मग टायमर लावून ती जागेवर गेली आणि हसली नाही. सरळ बघितलं.

फोटो बघायला चौघांची डोकी एकत्र आली. पुढे धाकटी, काळीभोर आणि ठसठशीत. मागे ताई, गोरी, स्वच्छ, पण फ्लॅशने आणि समोरच्या दिव्याने मघाशी लपवलेलं सगळं घेऊन.

"माझ्या डोळ्यांखाली हे काय आलंय?" ताई म्हणाली.

"वय आलंय, ताई. माझ्याही आलंय."

ताईने बराच वेळ पडद्यावरून नजर काढली नाही. "तू आजीसारखी दिसतेस," ती हळूच म्हणाली. आजी काळी होती आणि तिच्यापुढे घरात कुणाची बोलायची टाप नव्हती. टॉवेल अजून आईच्या हातातच होता.

धाकटीने फोटो पाठवला. छपाईवाल्याचा निरोप लगेच आला: 'पुढच्या मॅडमना जरा गोरं करून देऊ का? त्याचे पैसे घेत नाही.'

भाऊजी आशेने पुढे वाकले. धाकटीने फोन तोंडाजवळ धरला आणि बोलून निरोप पाठवला. "पुढची मॅडम मीच बोलतेय. आहे तशी छाप. एका छटेनं जरी गोरी केलीस, तरी बोर्ड तुझ्या दुकानावर लाव, माझ्या दुकानावर येणार नाही."

मग ती आत गेली. बेसिनजवळच्या कपाटातून रंगाच्या वाट्या, ब्रश, हातमोजे उचलले आणि खिडकीपाशी नेऊन मांडले. ताईच्या कात्र्या तिने नीट पुसून आतल्या खुर्चीपुढे ठेवल्या.

"अगं, आता हे काय?" आई म्हणाली. "मग ताईने कापायचं कुठे?"

"आत. ट्यूबलाइट काय वाईट आहे, आई? लख्ख तर आहे."

ताईने आत जाऊन दिव्याचं बटण दाबलं.

तेवढ्यात एक नेहमीची बाई आली. धाकटीने तिचे केस रंगवले, वेळ झाल्यावर धुतले आणि तिला पुन्हा खिडकीजवळ आणलं. बाई सवयीने खांद्यावरचा टॉवेल सावरत दाराकडे निघाली.

"बसा," धाकटी म्हणाली. "आता दारात जायचं नाही."