गारगोट्यांचं पिंप

आमच्या विहिरीचं पाणी दिसायला काचेसारखं, पण अंगात आंबटपणा. मी लग्न होऊन आले तेव्हा नळाखाली हिरवा डाग होता. सासूबाई घासून घासून थकल्या होत्या. यांचं काम दगडावर मृतांची नावं कोरण्याचं. कोरून उरलेल्या संगमरवराच्या कपच्या यांनी पिंपात भरल्या आणि विहिरीचं पाणी त्यातून घरात घेतलं. डाग थांबला. आंबटपणा तपासायची कागदी पट्टी बुडवली की सातचा, म्हणजे आंबटपणा मेल्याचा, रंग यायचा. कपच्या मात्र विरघळत. वर्षाला पिंप अर्धं व्हायचं.

"पाणी तुझ्या माहेरचं दिसतंय, खातच सुटलंय!" हे म्हणायचे.

"विहीर तुमची," मी म्हणायची.

हे गेल्यावर यांचा दगडकामाचा कारखाना बंद झाला, कपच्या मिळेनाशा झाल्या. मुलाने पिंपात पांढऱ्याशुभ्र गारगोट्या ओतल्या.

"अरे, कपच्याच लागतात. त्या झिजतात म्हणूनच तर..."

"तेच तर, आई! ह्या जन्मात झिजायच्या नाहीत. कटकट मिटली."

पिंप काठोकाठ राहिलं. नात तेव्हा वरच्या दुधावर होती. सकाळचं पहिलं दूध पोटात गेलं की ओकायची. दुधाच्या पावडरचा डबा बदलला, डॉक्टर बदलले. पोर वाळत चालली. एकदा पाहुण्यांसमोर मुलगा सुनेला म्हणाला, "साधं दूध कालवता येत नाही तुला. आई कशाला झालीस?"

सूनबाई उठली. पोरीला घेऊन माहेरी गेली. तिथे दूध तेच, डबा तोच. आठवड्यात पोर हसायला लागली.

मग आमच्याकडे भिंतीतून पाणी झिरपायला लागलं. प्लंबरने नळी कापली. तांब्याच्या त्या नळीला आतून सुईच्या टोकाएवढी भोकं पडली होती. मुलाने पट्टी बुडवली, तर रंग पाचापुढे सरकेना. नळाखाली हिरवा डाग पुन्हा धरला होता; सूनबाई तो रोज उठून घासायची, म्हणून आम्हाला कधी दिसलाच नव्हता.

"रात्रभर नळीत थांबलेल्या पाण्यात तांबं उतरतं," डॉक्टर फोनवर म्हणाले. "उकळून जात नाही ते."

मुलाने सगळ्या गारगोट्या हातांनी उपसल्या. नळी बदलली, संगमरवर आणला. सातचा रंग आला तेव्हा त्याने सुनेला फोन लावला. मी शेजारीच होते.

"पाणी नीट झालंय. आता तरी ये."

"पाण्याबद्दल मी कधी तक्रार केली होती?"

"मग?"

पलीकडे पोर खिदळत होती. 

"आईंना जपायला सांग," सूनबाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मुलगा फोन कानाला तसाच धरून बसला. मी पान वाढलं. तो उठला नाही.