पातेल्याची पैज

सव्वीस वर्षं थेल्माने ज्या व्हिलाच्या फरश्या पुसल्या, त्याच व्हिलात ती आता पाहुणी म्हणून राहायला आली होती. ती निवृत्त झाली तेव्हा मालकीणबाईंनी घड्याळ-बिड्याळ न देता नवऱ्यासकट एक आठवडा राहायला दिला होता. समुद्राकडे तोंड केलेल्या दोन आरामखुर्च्या, मध्ये अननसाची बशी आणि दिमतीला जोझेट. ही जोझेट थेल्माच्याच हाताखाली शिकून तिच्याच जागी लागली होती. तिने झाडलेल्या कोपऱ्यांत थेल्माला रोज वाळू दिसायची. पण उठता येत नव्हतं, कारण पैज लागली होती.

पैज लावली ऑल्बनने. हा तिचा नवरा. तीस वर्षं गुयाव गावची मिनीबस चालवूनही तो कधी थकला नाही, कारण थकण्याइतकं काम त्याने अंगाला लागूच दिलं नाही. पहिल्याच सकाळी थेल्मा चादरी झटकताना सापडली, तेव्हा तो म्हणाला, सात दिवस हातावर हात धरून बसणं तुझ्याच्याने व्हायचं नाही. नाहीच झालं, तर तुझं मोठं पातेलं आयव्हीला द्यायचं.

आयव्ही म्हणजे थेल्माची नणंद. थेल्माच्या आईच्या त्या बिडाच्या पातेल्यावर तिचा वीस वर्षं डोळा होता. दर नाताळात ती ते "दोनच दिवसांसाठी" मागायची, आणि आयव्हीचे दोन दिवस कसे असतात ते थेल्माला ठाऊक होतं. तिने लगेच उलट अट घातली. तू आधी कामाला उठलास, तर नारळाच्या दुधात एकाच पातेल्यात शिजणारं दर रविवारचं ऑइल डाऊन तू रांधायचं आणि डॉमिनोचा अड्डा बंद. ऑल्बन पोट धरून हसला. आपल्याला साधं पाणी तापवता येत नाही असं तो चाळीस वर्षं सांगत आला होता, आणि आळसात त्याला हरवणारा उभ्या ग्रेनाडात जन्मला नव्हता.

चार दिवस थेल्माने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. ऑल्बन मुद्दाम पावाचा चुरा सांडायचा, भिंतीवरचं चित्र वाकडं करून शीळ घालत निघून जायचा. तिने खुर्चीच फिरवून घेतली. मात्र एक गोष्ट तिला आवडायला लागली होती. ती गरम गरम जेवत होती, तेही नवऱ्याच्या शेजारी बसून. घरी तो जेवून उठला की मगच तिचं ताट वाढलं जायचं.

पाचव्या दिवशी ऑइल डाऊनचा बेत ठरला. जोझेटच्या पोटात तीळ भिजत नाही. ती धावत थेल्माकडे आली. ऑल्बनकाकांनी सांगितलंय की पातेलं उलटं लाव, पिठाचे गोळे तळाशी आणि नीरफणस सगळ्यात वर, मावशी उठल्याशिवाय राहायची नाही.

थेल्माने जरा विचार केला. "काका म्हणतात तसंच कर. आणि नारळाचं दूध ओतलंस की मोठा डाव घेऊन ढवळायला लाग."

जोझेटचा चेहराच उतरला. ऑइल डाऊन एकदा लावलं की शिजेपर्यंत त्यात डाव घालायचा नसतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. एवढ्यावरून गुयावमध्ये एक ठरलेलं लग्न मोडलं होतं.

"मग खायचं काय, मावशी?"

"मला आज भूक नाही," थेल्मा म्हणाली.

अंगणात तीन दगडांवर पातेलं चढलं. ऑल्बनने खुर्ची अशी लावली की बायकोचं तोंड नीट दिसावं. पिठाचे गोळे तळाशी पडले तेव्हा थेल्माने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि वारा छान सुटलाय म्हणाली. मग जोझेटने डाव घेतला. ऑल्बनचं हसू मावळलं.

"ए पोरी, काय करतेस?"

"ढवळतेय, काका."

डाव दुसऱ्यांदा फिरला आणि ऑल्बन उठला. त्याने तो तिच्या हातातून हिसकावला आणि पातेलं उतरवून सगळं परातीत काढलं. मग नव्याने लावायला घेतलं: तळाशी नीरफणसाच्या फोडी, त्यांच्या सांदीत खारवलेलं मांस, वर कच्ची केळी आणि गाजरं, त्यावर अळूची पानं. मोडलेले गोळे तळहातावर पुन्हा वळून त्याने सगळ्यात वर ठेवले. हळद घातलेलं दूध बोटाच्या पेराने मोजून ओतलं. पातेलं पुन्हा दगडांवर चढवून झाकण ठेवलं आणि त्यावर डावाने दोनदा टकटक केली. ही टकटक थेल्माची होती, आणि तिच्याआधी तिच्या आईची.

टकटक केल्यावर तो भानावर आला. डाव मागे लपवायचा त्याने प्रयत्न केला, पण डाव चांगला हातभर लांब होता.

थेल्मा पैज जिंकल्याचं विसरूनच गेली होती. "तुला येतं," ती म्हणाली. "तुला सगळं येतं."

"चाळीस वर्षं उंबऱ्यावर बसून तुझ्याकडेच तर बघत होतो," ऑल्बन पुटपुटला. "दुसरं काय होतं बघायला?"

थेल्माला भरून आलं आणि त्याच दमात तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षांचे रविवार. याला मिठी मारावी की तोच डाव याच्या पाठीत घालावा, ते तिला ठरवता येईना. शेवटी ती बसून राहिली, कारण बसायची तिला आता सवय झाली होती.

ऑल्बनने वाढलं, तिने खाल्लं. चव अगदी तिच्या हातची होती, कदाचित काकणभर सरसच, पण हे ती मरेपर्यंत कोणाला सांगणार नव्हती.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "रविवारी लक्षात ठेव."

मग तिने रिकामं ताट नवऱ्यापुढे धरलं आणि जोझेटला आयव्हीला फोन लावायला सांगितलं. "म्हणावं, रविवारी जेवायला ये. पातेलं दाखवते. तुझा भाऊही त्याच्यासमोरच उभा असेल, रांधत."