पुंगळी पडते कुठे

गोळी लागली तसा कॅरिबू हरणाचा नर गुडघ्यांवर बसला, परत उठला आणि लंगडत टेकडीआड गेला. नेटीने दुसऱ्यांदा चाप ओढला. काहीच नाही. खाली बघते तर काडतुसाची रिकामी पुंगळी बंदुकीच्या खिडकीत आडवी अडकून बसलेली. एक बार उडाला की बंदुकीने आतला सरकता बोल्ट मागे लोटून आपणहून पुंगळी बाहेर फेकायची, पुढचं काडतूस आत ओढायचं, आणि तेवढंच तिला जमत नव्हतं. या महिन्यात तिसऱ्यांदा.

डेल्बर्टमामा लगेच बर्फगाडीवर बसला. ते जनावर गाठायला त्याला तास लागला. परत आला तेव्हा गाडीमागे ओढलेल्या स्लेजवर कॅरिबू होता आणि मामाच्या भुवयांवर बर्फ.

"तो आपणहून आला होता तुझ्यासमोर," मामा म्हणाला. "कूस देऊन उभा राहिला. आणि तू त्याला तासभर रक्त गाळत पळवलंस."

"मी नाही. बंदुकीने."

"जनावराला काय कळतं, बंदूक कुणाची अन् चूक कुणाची."

नेटीच्या डोक्यात तिडीक गेली. पण मामाचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे भांडायला धरण्यासारखं काही मिळेना.

"उद्या सकाळी कळप नदीच्या वळणावर असेल," मामा म्हणाला. "परवा वारा फिरला की गेला. संध्याकाळी मला ओळीने चार बार काढून दाखव, मग ये. नाहीतर घरी थांब, मांस कापायला."

"सुरी बरी असते," मामाचा पोरगा एल्मर म्हणाला. "तिला दुसरा बार लागत नाही."

बंदूक बाबाची होती. बाबा डिसेंबरपासून दूर शहरातल्या हॉस्पिटलात, आईही तिकडेच. बाबा गावात असेपर्यंत प्रत्येक शिकारीतली एक मांडी एकट्या राहणाऱ्या फ्लॉसीआजीच्या पडवीत जायची. यंदा त्या पडवीत काही गेलेलं नव्हतं. मामाला स्वतःची चार घरं पोसायची होती. फ्लॉसीआजीने मागितलं नाही. म्हातारी माणसं मागत नाहीत, बर्फगाडीचा आवाज आला की खिडकीशी येऊन बघतात, बस. आजही ती उभी असणार, म्हणून नेटीने तिकडे मान वळवलीच नाही.

घरी पोचल्या पोचल्या ती बंदूक घेऊन घरामागे गेली. समोर गोठलेल्या खाडीवर बर्फाच्या लाद्या चढून उंच बांध झालेला, पलीकडे माणूस ना कुत्रा. एल्मरही मागोमाग आला. मदतीला म्हणे. मजा बघायला आलेला, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"काडतुसं खराब असतील," तो म्हणाला. "माझी घे."

एल्मरची बंदूकही त्याच जातीची. त्याची काडतुसं घातली. एक बार, पुंगळी अडकली. मग त्याचं काडतुसांचं मॅगझीन लावलं. एक बार, अडकली. तिसऱ्या वेळी पुंगळी बाहेर आली खरी, पण तिच्या बुटाशेजारी टपकन पडली आणि पुढचं काडतूस वर आलंच नाही.

"म्हातारी झाली ती," एल्मर म्हणाला. "विकून टाक. नाहीतर दाराला अडसर कर."

"तू गप राहिलास तर मला दिसेल तरी."

"डोळ्यांनी बघतेस की कानांनी?"

नेटी बसली. बर्फावर पुंगळी पडली की ती गरम असते, त्यामुळे सरळ खाली वितळत जाते आणि वर बोटाएवढं भोक राहतं. बुटाशेजारचं भोक ताजं होतं. पण पलीकडे, चांगली चार पावलं लांब, सात-आठ जुनी भोकं होती, वर पातळ पापुद्रा धरलेली. शनिवारची. शनिवारी सकाळी तिने बंदूक घरातून बाहेर आणली आणि तिथल्या तिथे अख्खं मॅगझीन रिकामं केलं होतं. एकदाही अडली नव्हती. म्हणूनच तर ती छातीठोकपणे शिकारीला गेली होती.

"इथून तिथवर फेकत होती," ती म्हणाली. "आता बुटाशी टाकतेय. बोल्ट पुरता मागे जातच नाही."

"का?"

"ते कळलं असतं तर तुझं तोंड बघत बसले असते का मी."

हीच बंदूक, हीच काडतुसं, हीच नेटी. शनिवार ते आज, मध्ये काय बदललं? तिला काही सुचेना. तिने स्लेजला एक लाथ हाणली, पायाचा अंगठा दुखला. एल्मर हसत घरी गेला. बंदूक रिकामी करून तिने पडवीतच खुंटीला लावली. राहू दे मेली, कुडकुडू दे.

सहाला फोन वाजला. बाबाचा. रोज सहालाच यायचा.

"जेवलीस?"

"हो."

"काय?"

"सूप. मामीकडचं."

"बरं. वाजव बघू."

हे त्यांचं रोजचं होतं. हॉस्पिटलात पडल्या पडल्या बाबाला आपल्या बंदुकीचा आवाज ऐकायचा असायचा. नेटी रिसीव्हर टेबलावर ठेवायची आणि रिकामी बंदूक शेजारी धरून बोल्ट मागे ओढून सोडायची. खट. बाबा म्हणायचा, "हां." त्या हां-पायी ती डिसेंबरपासून एक दिवस चुकली नव्हती.

"आज बाहेर आहे ती," नेटी म्हणाली. "रुसलेय मी तिच्यावर."

"मग दार उघड ना."

तिने तार ओढत नेली, पडवीचं दार उघडलं, खुंटीवरची बंदूक घेतली. थंडीने नाकातले केस ताठ झाले. तिने रिसीव्हर मानेत धरला आणि बोल्ट ओढून सोडला.

पलीकडून बाबाचं "हां" आलं नाही.

"ही कुणाची बंदूक?"

"तुझीच."

"माझी खट करते. ही तर गोठलेल्या चरबीत चमचा फिरवल्यागत बोलतेय. परत कर."

तिने परत केलं. आता तिलाही ऐकू आलं. बोल्ट पुढे जात होता, पण सावकाश, जेवून उठलेल्या माणसासारखा.

"रोज कुठे बसून वाजवतेस तू?" बाबाने विचारलं.

"आत. चुलीपाशी."

"आत?"

"मग कुठे? ती आत आली की घाम सुटतो तिला. मी पुसते, तेल घालते. आईच्या शिवणयंत्राचं. भरपूर घालते, गंज धरू नये म्हणून. मग बाहेर ठेवते, दुसऱ्या दिवशी परत आणते. शुक्रवारी तर रात्रभर आतच होती, शनिवारी सकाळी बाहेर काढली तेव्हा मस्त चालली."

"नेटी," बाबा म्हणाला, "आपल्या गावात ऑक्टोबर लागला की बंदूक पडवीच्या आत कुणी आणत नाही. एल्मरसारखं ध्यानसुद्धा आणत नाही."

"तुलाच ऐकायची असते ना रोज? पडवीत गोठत बसू मी?"

"मी सव्वीस वर्षं बसलो. फोनची तार एवढी लांबलचक कशासाठी घेतली वाटलं तुला?"

नेटीने खाली पाहिलं. तार तिच्या पायाशी वेटोळं घालून पडली होती. तिला वाटायचं, दुकानात तेवढीच होती.

"रागावलीस?"

"हो."

"माझ्यावरही रागाव. मी विचारायला हवं होतं. इथे खिडकी उघडतच नाही गं. चोवीस तास ऊब. थंडी काय काय करते ते विसरत चाललोय बहुतेक." तो खोकला. "आता ठेव फोन. कामाला लाग."

घराचं दार ओढून घेऊन तिने पडवीतच बंदूक खोलली. बोल्ट, त्याच्या मागची स्प्रिंग, धुराच्या जोराने बोल्टला ढकलणारा दांडा. सगळ्यावर तेल होतं, पिवळं आणि थंडीने घट्ट झालेलं, नखाने खरवडलं तर वळी निघत होती. मॅगझीनच्या तळाशी बर्फाचे मणी. तिने रोज प्रेमाने पुसलेलं आणि तरी राहिलेलं पाणी. तिला स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटली.

तिने शिकारीच्या तंबूत लागणाऱ्या स्टोव्हचं शुद्ध पेट्रोल डब्यात ओतलं आणि रबरी मोजे चढवून एकेक भाग ब्रशने धुतला. एवढ्या थंडीत पेट्रोल कातडीला लागलं तर भाजल्यासारखं होतं, ते तरी तिला ठाऊक होतं. मग कोरड्या फडक्याने पुसून काढलं. तेलाची बाटली शिवणाच्या डब्यात परत गेली. जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे बाबा हिवाळ्यात तेलाऐवजी पेन्सिल फिरवायचा; शिसं गोठत नाही. गेल्या वर्षी शाळा सोडली तेव्हापासून दप्तर पडवीतच पडलं होतं. त्यात पेन्सिल सापडली, चावलेली. तीच फिरवली.

बंदूक जोडून तिने तासभर खुंटीवरच राहू दिली. ते सगळ्यात अवघड गेलं. ती आत जाऊन बसली, उठली, परत बसली. मार्च संपत आलेला, बाहेर अजून ऊन होतं, आणि ते हलायचं नाव घेत नव्हतं.

मामा आला तेव्हा ती खाडीकडे तोंड करून उभी होती. पहिला बार. दुसरा. तिसरा. चौथा. तिला थांबवेना, तिने पाचवाही काढला.

मामाने बंदुकीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो बर्फाकडे बघत उजवीकडे चालत गेला, चार पावलं, पाचवं अर्धं. तिथे पाच भोकं होती, पाचही एका घोंगडीखाली मावतील एवढ्यात. त्याने वाकून एका भोकातून पुंगळी काढली, फुंकली, खिशात टाकली.

"काय झालं होतं?"

खोटं सांगायची फार इच्छा झाली तिला. स्प्रिंग वगैरे.

"मी रोज आत नेत होते. तेल घालत होते."

मामाचं तोंड हसायला लागलं होतं, पण कशासाठी नेत होती ते त्याला ठाऊक असावं. गावात सहाचा फोन सगळ्यांनाच ठाऊक होता. त्याने तोंड मिटलं.

"हे काळं काय लावलंयस?"

"पेन्सिल."

"म्हणजे शाळेत दहा वर्षं अगदीच फुकट नाही गेली." तो गाडीकडे वळला. "पहाटे सहाला निघू. चहा तुझा."

"आणि पहिली मांडी फ्लॉसीआजीची."

"पाड आधी."

तो गेला. नेटीने बंदूक रिकामी केली, दोनदा बघितली आणि पडवीत खुंटीला लावली. सवयीने हात एकदा परत तिच्याकडे गेला, तो तिने खिशात घातला. मग आतून लाकडी स्टूल आणून खुंटीखाली ठेवलं, आणि फोनची तार दाराच्या फटीतून बाहेर ओढून त्या स्टुलापर्यंत पोचते का ते बघितलं.

पोचत होती. वर हातभर उरतही होती.