फुली-गोळा आणि अकरा अंडी

फौजदारीण मेली तेव्हा गल्लीतल्या कुत्र्यांनी दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, असं लोक सांगतात. दोन नाही, दीड दिवस. वाढवून सांगण्यात काय अर्थ आहे?

फौजदारीण ही फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मिस्तरींच्या बायकोची कोंबडी. ती बाई लग्न होऊन आली ती माहेरची एक कोंबडी कुशीत घेऊन, आणि फौजदारीण ही त्या कोंबडीच्या पणतीची खापरपणती. वजन दीड किलो, पण रुबाब असा की टपालवाला पत्र आधी तिला दाखवायचा आणि मग दारात टाकायचा. एकदा तिनं एका कुत्र्याला झाडावर चढवलं होतं. ते खाली उतरेना, तेव्हा शिडी मिस्तरींनाच न्यावी लागली. बायको जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात मिस्तरी कोणाशी मन मोकळं करून बोलले असतील तर ते या कोंबडीशी.

ती गेली सूनबाईंच्या हातून राहिलेल्या एका कडीमुळे. सूनबाई घरी शिलाईकाम करतात. गिऱ्हाईक दारात उभं, हातात कात्री, तोंडात टाचण्या, अशा घाईत त्या दाणे टाकून आल्या आणि खुराड्याची कडी घालायची राहिली. आलेलं कुत्रं परगल्लीतलं होतं. त्याला फौजदारिणीची कीर्ती ठाऊक नव्हती.

मिस्तरी अंगणातली पिसं वेचत एवढंच म्हणाले, "ती असती तर दार उघडं राहिलं नसतं."

त्या घरात 'ती' म्हणजे एकच, मिस्तरींची गेलेली बायको. सूनबाई सात वर्षं नांदत होत्या. ती असती तर दूध उतू गेलं नसतं, ती असती तर पडदे असे तिरके लागले नसते, हे सगळं त्या वर्षभर एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देत होत्या. हे मात्र वर्मी लागलं, कारण या खेपेला ते खरं होतं. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढत त्या आत गेल्या आणि घरात अबोला सुरू झाला. नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. म्हणजे मध्ये पडायलाही कोणी नाही.

स्वयंपाकघरातल्या टोपलीत अकरा अंडी होती, फौजदारिणीची शेवटची. शेजारच्या कोंबड्याचं तिच्याकडे येणं-जाणं होतं, तेव्हा अंड्यांत जीव असण्याची आशा होती. ती वाया गेली की बायकोच्या माहेराहून आलेला वंश तिथंच संपणार. मिस्तरी हे बोलून दाखवणारे नव्हेत. त्यांनी मागच्या खोलीतून एक मेलेला छोटा फ्रिज ओढून काढला. चाळीस वर्षं जगाला गार करण्यात घालवलेल्या माणसानं त्या फ्रिजला गरम व्हायला शिकवलं. आत दोन बल्ब, बोटभर पंखा, थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी, दाराला काच. साडेसदतीस अंशांवर काटा ठेवायचा. फ्रिजला पहिले दोन दिवस ते पटेना. कोणी बघत नाहीसं पाहून तो हळूच गार पडायचा.

इकडे सूनबाईंनीही मनाशी पक्कं केलं होतं की, कडी आपल्या हातून राहिली, तेव्हा ही अंडी आपणच तारायची. बोलायचं नाही, करून दाखवायचं.

बाजारातली अंडीवाली मावशी म्हणजे या विषयातलं शेवटचं न्यायालय. तिनं मिस्तरींना सांगितलं की अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली काढा, दुसऱ्या बाजूला गोळा, आणि दिवसातून तीनदा उलटा. नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. मिस्तरींनी घरी येऊन खुणा केल्या आणि नियम बांधला: सकाळी फुली वर. सूनबाई सुया आणायला म्हणून बाजारात गेल्या, त्यांनी मावशीला वेगळं गाठलं, तेच सगळं ऐकलं आणि आपला नियम बांधला: सकाळी गोळा वर. बोलत्या घरात ही गोष्ट चहाच्या एका घोटात मिटली असती.

सकाळी सातला मिस्तरी फुली वर करून दाढीला बसत. साडेसातला सूनबाई येऊन बघतात तो फुली. म्हणजे म्हातारबांनी उलटायची ठेवली! त्या गोळा वर करत. आठला मिस्तरी चष्मा पुसून बघत, तो गोळा. म्हणजे ही बया मुद्दाम करते. लागलीच फुली. सूनबाई शिवणयंत्रावरून उठल्या की मिस्तरी खोकत, मिस्तरी खोलीत आले की यंत्र थांबे. अंडी दिवसातून अठरा-अठरा वेळा कूस बदलत होती. चौथ्या दिवशी तर दार उघडल्याबरोबर दोन-तीन अंडी कोणी हात लावायच्या आत आपणहून वळू लागली. यातलं एक अंडं वजा केलं तरी चालेल.

बोलणं होई ते फ्रिजशी. काही लोकांना एकदा ठेवलेली वस्तू जागेवर पाहवत नाही, असं मिस्तरी त्याला सांगत. वेळेचं भान असतं तर लोकांना दुसऱ्यांनी कशाला आठवण करून द्यावी लागली असती, असं सूनबाई त्याला विचारत. दोन्हीकडच्या सोयऱ्यांत सापडलेल्या वराच्या मामासारखा फ्रिज बिचारा नुसता घूं घूं करी. दार उघडलं की ऊब बाहेर जाई, म्हणून मिस्तरी मोठा बल्ब बसवत. मग आत फार तापलं म्हणून सूनबाई थर्मोस्टॅट खाली ओढत.

आठव्या दिवशी भर दुपारी मावशी स्वतः पाहायला आली. दारं-खिडक्या लावून तिनं एकेक अंडं बॅटरीच्या उजेडाला धरलं. पहिलं कोरं, दुसरंही कोरं. तिसऱ्यात लाल धाग्यांचं जाळं आणि मध्ये एक ठिपका, थरथरणारा. शेवटी हिशेब निघाला: सहा गेलेली, पाचांत जीव.

मावशीनं एक अंडं निरखलं. पेन्सिलीच्या खुणा बोटं लागून लागून पुसत आल्या होत्या. दिवसातून किती वेळा उलटता, असं तिनं विचारलं.

"तीनदा," दोघं एकदमच म्हणाले.

"कोण?"

"मी," पुन्हा दोघं एकदम.

मावशी खाटेवर बसली. "पिल्लं काढताय की फुली-गोळा खेळताय?" ती म्हणाली. "अहो, कोंबडीसुद्धा अंड्यांना घटकाभर निजू देते. भांडायचं तर भांडा, पण दार लावून. त्यांना थंडी वाजते."

मग पाळ्या लागल्या. सकाळ मिस्तरींची, संध्याकाळ सूनबाईंची, दुपारी जो मोकळा असेल त्यानं दुसऱ्याला विचारून. विचारणं आलं म्हणजे तोंड उघडणं आलं. पण ते अंड्यांपुरतंच. पाणी घातलं? घातलं. काटा? साडेसदतीस. याच्या पलीकडे एक अक्षर नाही. दोघांनीही शब्द असे जपून वापरले की जणू ते दुकानातून सुटे आणावे लागत होते.

अठराव्या दिवसापासून उलटणं बंद. आता दार अजिबात उघडायचं नाही, आतली ओल टिकली पाहिजे, असा मावशीचा हुकूम होता. इथं मिस्तरी कमी पडले. ज्या माणसानं आयुष्यात बंद दिसलेलं प्रत्येक यंत्र उघडून पाहिलं, त्याला तीन दिवस काचेतून नुसतं बघत बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच.

एकविसाव्या दिवशी सकाळी पहिलं पिल्लू ओलंचिंब बाहेर पडलं, आणि दहा वाजेपर्यंत आणखी दोन. एक अंडं गप्पच राहिलं. पाचव्याला आदल्या दुपारीच भोक पडलं होतं. चोचीचं टोक दिसत होतं, पण पुढे काही सरकेना. टकटक मंद होत चालली. सूनबाईंनी चटकन दार उघडून ते अंडं बाहेर घेतलं. भोकाच्या कडेचा पातळ पापुद्रा वाळून कागदासारखा कडक झाला होता, आणि पिल्लू त्यात करकचून आवळलं गेलं होतं.

"दार उघडलं होतं का कोणी?" त्यांनी विचारलं.

मिस्तरींनी फ्रिजच्या काचेवरची वाफ बोटानं पुसली. मग म्हणाले, "मीच. काल. तीनदा."

सूनबाईंच्या जिभेवर त्या वेळी काय काय आलं असेल, ते ज्यानं त्यानं आपल्या घरावरून ओळखावं. मिस्तरींनी खिशातून पक्कड काढली होती.

"पक्कड ठेवा बाबा. कोमट पाणी आणा, आणि बॅटरी धरा."

शिवण उसवायचं बारीक हत्यार त्यांनी डब्यातून घेतलं. ओल्या कापडानं पापुद्रा भिजवायचा, कडेचं टरफल गव्हाएवढं उचलायचं, थांबायचं. लाल रेघ दिसली की हात मागे घ्यायचा आणि ती फिकट होईपर्यंत वाट बघायची. टाका, थांबा, टाका, थांबा. असा दीड तास गेला. मिस्तरींनी बॅटरी दोन्ही हातांनी धरली होती.

"हे कुठं शिकलीस?"

"चुकलेल्या शिवणी उसवून उसवून."

थोडं टरफल आणखी गेलं.

"पोरी," मिस्तरी म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते... उसवता येतं का?"

"हळू बोला. शीर दिसतेय."

मिस्तरी हळू बोलले. काय बोलले ते बॅटरीलाच ठाऊक. एवढं खरं की सूनबाईंनी बाहीनं डोळे पुसले, आणि हात मात्र हलू दिला नाही. सवाबाराच्या सुमाराला टरफलाचं टोपण निघालं. पिल्लानं मान ताणली, एकदा चिवचिव केलं, आणि सूनबाईंच्या तळहातावर पसरून, सगळं जग आपल्या बापाचं असल्यासारखं, झोपी गेलं. फ्रिजमध्ये ठेवायला उचलावं तर जागं होईल, म्हणून त्या शिवणयंत्राच्या बल्बाशेजारी हात धरून तशाच बसून राहिल्या.

तेवढ्यात दार वाजलं. कोटाच्या बाह्या आखूड करायला दिलेला एक गृहस्थ आला होता. मिस्तरी दार अडवून उभे राहिले. सूनबाई कामात आहेत, उद्या या, म्हणाले. गृहस्थ म्हणाला, आजचा वायदा होता, असं कोणतं काम निघालं?

"अंड्यावर बसल्यात," मिस्तरी म्हणाले. "उठवता यायचं नाही."

गृहस्थ आल्या पावली परत गेला. पुढची काळजी गल्लीनं घेतली. वाण्याच्या दुकानाशी बातमी पोचली तेव्हा सूनबाईंना नऊ पिल्लं झाली होती. पाणपोईशी ती अठरा झाली आणि त्यांतली दोन बोलत होती. संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतून दोन म्हातारे कंदील घेऊन खात्री करायला आले. एकूण किती, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

मिस्तरींनी त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि कोणत्याही अफवेला धक्का न लावता सांगितलं, "तूर्त चार आहेत. पण चारीच्या चारी आमच्या सूनबाईंवर गेलीत."