आधी कंगवा, मग पाणी

केस कापायच्या मशीनचे पाते पुन्हा अडकले, तशी मावशीने बटण बंद केले, पाते मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून किती तापले आहे ते पाहिले आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन एक मोठा श्वास घेतला. खिडकीखाली गटार होते. पण टेबलावर जे पडले होते त्यापुढे गटारसुद्धा पवित्र वाटावे, अशी वेळ आली होती.

टेबलावर कुत्रा होता. म्हणजे असावा. डॉक्टरांनी भुलीचे इंजेक्शन देऊन त्याला आडवा केला, तेव्हा तोंड कुठल्या टोकाला आणि शेपटी कुठल्या, हे मावशीला हाताने चाचपून ठरवावे लागले. मूळचा पांढराशुभ्र, रेशमी केसांचा, मांडीवर मावेल एवढा जीव. लोक हौसेने आणतात, फोटो काढतात, तसला. आता तो राखाडी होता, पोटाकडे मुताने पिवळा झालेला, आणि शेपटीखाली वाळलेल्या घाणीचे असे दगड लोंबत होते की बिचाऱ्याला बसताही येत नसणार. केस म्हणावेत असे काही उरलेच नव्हते. मानेपासून मागच्या पायांपर्यंत एकसंध जाड थर, काथ्याच्या पायपुसण्यासारखा. तो कातडीला इतका आवळून बसला होता की मधे पात्याची धारही शिरायला तयार नव्हती.

आणि या सगळ्यावर गुलाबाचा घमघमाट.

मावशीला खरी किळस आली ती त्याची. घाणीला घाणीचा वास यावा, यात गैर काही नाही. देवाने नाक दिले ते त्याचसाठी. पण वरून महागड्या शाम्पूचा गोड गुलाब आणि जरा बोट आत घातले की कुजल्या मांसाचा भपका, म्हणजे मढ्याला अत्तर फासून पाहुण्यांत बसवल्यासारखे झाले. हा काय आळशी माणसांचा कुत्रा नव्हता. कोणीतरी त्याला मुद्दाम सुगंधी करत होते. ते कोण, हे पाहायची मावशीला घाई झाली होती.

तसे पाहिले तर मावशीला वासाची भीती नव्हती. जनावरांच्या या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिचे अर्धे आयुष्य गेले होते. आधी ती इथे फरशी पुसायची. मग कुत्र्यांना धरायला लागली, आणि मग कधी तरी कंगवा तिच्या हातात आला तो कायमचा. कानातला काळा मळ, बोटांमधल्या गोचिडी, पिळून निघणारा पू, सगळे तिने पाहिले होते आणि त्याच हातांनी डबाही खाल्ला होता. घरी मात्र तिचा मुलगा दारातच म्हणे, आई, आधी मोरीत जा. सुनेने तिच्यासाठी साबण वेगळा ठेवला होता, टॉवेल वेगळा, आणि नात दोन्ही हात पसरून धावत आली तरी वाटेतच कुणीतरी तिला उचलून घेई. वास येतो तर येतो, त्यात रुसायचे काय, असे म्हणून मावशी अंघोळीला जाई. देवाचे एखादे पद गुणगुणत अंगावर पाणी घेतले की तिचे तिला बरे वाटे.

डॉक्टर आत आले, नाकावरचा मास्क नीट केला आणि पुढच्या पायाच्या बगलेत वाकून पाहिले. तिथला थर मावशीने नुकताच उचलला होता. खाली कातडी नव्हतीच. लालभडक ओली जखम, आणि तिच्यात तांदूळ उकळावेत तशा अळ्या वळवळत होत्या.

डॉक्टर तसे सौम्य माणूस. पण त्यांनीही दात आवळले. पाय वाचेल, म्हणाले, थोडक्यात वाचेल. मग जरा थांबून त्यांनी सांगितले की अशी कुत्री सांभाळणाऱ्या मंडळींचे एक घर आहे, त्यांना फोन केला तर संध्याकाळी येऊन घेऊन जातील. मालकाला समजावायचे ते मी समजावतो.

“पण अंग तुम्ही पाहताय, मावशी. तुम्ही सांगा. परत द्यायचा की नाही?”

मावशी म्हणाली, “विचारताय काय, डॉक्टर? माझ्या हातात असतं तर मांजरसुद्धा दिलं नसतं त्या घरात. भरलेलं मांजर, कापसाचं.”

एवढे बोलून ती हात धुऊन बाहेर निघाली. नळ उघडा होता तोवर तिने मनातल्या मनात चार वाक्ये जुळवली. एकाहून एक कडक.

बाहेर बाकावर बाई बसली होती. कुत्र्याला घेऊन नवराबायको दोघे आले होते, पण नवऱ्याने पिंजरा लांब धरून टेबलावर ठेवला, बाटलीतले औषधी पाणी हातावर चोळले आणि आपल्याला मळमळते म्हणून तो गाडीत जाऊन काचा लावून बसला. कुत्रा त्याचाच होता. त्याच्याच हौसेने आला, पांढऱ्या सोफ्यावर पांढरा कुत्रा शोभतो म्हणून. सोफ्यावर पिवळा डाग पडला त्या दिवशी कुत्रा गॅलरीत गेला, तो कायमचाच. हे सगळे बाईने न विचारता सांगितले. नाकाला रुमाल होता, त्यामुळे आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता, आणि स्वतःच्या कुत्र्याच्या वासाला रुमाल लावून बसलेली ती मूर्ती पाहून मावशीची उरलीसुरली दयाही आटली.

“बाई, या कुत्र्याला शेवटचा कंगवा कधी लागला होता?”

बाईने आठवून पाहिले. सुरुवातीला लावत होतो, म्हणाली. मग गुंता झाला, तो ओढला गेला की चावायचा. मग कंगवा दिसला तरी चावायचा. मग सोडून दिले.

“पण अंघोळ नाही हो चुकवली मी. दर रविवारी घालते. हे म्हणतात राहू दे, गडी नाही म्हणतो, मी बाथरूमचं दार लावून घेते आणि चांगला दोनदा साबण लावते. आता वास वाढला म्हणून मधे बुधवारीपण घालत होते. मावशी, एवढी अंघोळ तर माझ्या मुलांना नाही घातली मी.”

आणि खोटे वाटू नये म्हणून तिने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत दातांचे व्रण होते, जुने पांढरे आणि त्यांच्यावर नवे लाल.

मावशीने जुळवून आणलेली चार वाक्ये घशातच राहिली. तिने आयुष्यात कुत्रे न धुणारे लोक पाहिले होते, मारणारे पाहिले होते, रस्त्यावर सोडून देणारे तर पुष्कळ. पण मायेने अंघोळ घालून घालून कुत्र्याला सडवणारे माणूस तिने पहिल्यांदाच पाहिले. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

“लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घालून चोळला तर काय होतं?”

“आटतो.”

“मग? याच्या अंगावर काय होतं, प्लॅस्टिक? गुंता ओला झाला की आवळतो. वाळताना आणखी आवळतो. आतली ओल बाहेर पडत नाही, ती तिथंच कुजते. आधी कंगवा, मग पाणी. अगदी मुळापर्यंत कंगवा फिरला, कुठं अडला नाही, तरच पाणी. तू दर रविवारी त्याला एकेक माप लहान सदरा घालत होतीस, बाई. त्यातच तो आवळत गेला.”

बाईने रुमाल खाली घेतला. मग तिने विचारले, दुखत असेल का. मावशीला पुन्हा संताप आला. न कळून झाले म्हणून अळ्या काही कमी होत नाहीत, आणि हे कळायला कुत्र्याने आणखी किती वेळा चावायला हवे होते?

“दुखतंय का ते मला काय विचारतेस? आत ये आणि बघ.”

हे तिने उगाच म्हटले होते. लोक येत नाहीत. बाहेरूनच रडतात, फार तर दारापर्यंत येतात, आणि मग म्हणतात, आम्हाला नाही हो बघवत, जणू ते न बघवणे हाच मोठा जिव्हाळा. पण ही बाई उठली आणि तिच्या मागून आत आली.

मावशीने काही झाकले नाही. पाय उचलून बगल दाखवली. चिमट्याने एक अळी ओढून ट्रेमध्ये टाकली, ती तिथेही वळवळत राहिली. शेपटीखाली पिकलेली कातडी दाखवली. नखे वाढून, गोल वळून, तळव्याच्या मऊ मांसात रुतली होती, तेही दाखवले. बाई एकदम वळली, कोपऱ्यातल्या बेसिनपर्यंत कशीबशी पोचली आणि पोटात होते नव्हते ते ओकली. पुन्हा ओकली. शेवटी नुसते कडू पाणी.

मावशीने मान वळवून पाहिले नाही. आता ही जाईल, गाडीत बसेल, काच वर करेल, हे तिला माहीत होते. तिने मशीन सुरू केले.

नळाचा आवाज आला, चूळ भरल्याचा आला. आणि मग ती टेबलाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. चेहरा भिंतीसारखा, हनुवटीवर पाणी ओघळतेय, डोळे लाल.

“कुठं धरू?”

मावशीने तिच्याकडे पाहिले. जरा जास्तच वेळ पाहिले.

“डोकं धर,” ती म्हणाली. “हनुवटीखाली हात दे. आणि पोरी, श्वास तोंडानं घे, नाकानं नको.”

मग दोघींनी मिळून काम केले. कातडी एका हाताने ताणून धरायची आणि पाते तिला चिकटून, बिलकुल घाई न करता पुढे सरकवायचे. अशा जागी कात्री लावायची नाही, कारण गुंत्याबरोबर कातडीही वर आलेली असते आणि केस समजून माणूस मांस कापतो. मावशी कानाजवळ तोंड नेऊन काहीतरी गुणगुणत होती, भुलीतल्या कुत्र्याला ते ऐकू जात होते की नाही देव जाणे. बाई मधूनच तोंड फिरवी, घशाशी आलेले गिळी आणि परत वळे. पाठीवरून, कुशीवरून, पोटावरून तो थर सुटत गेला, आणि अखेर एखादे भिजून वाळलेले जाकीट उतरावे तसा अख्खाच्या अख्खा निघाला, पायांच्या भोकांसकट. आतून तो पांढरा नव्हता, हिरवट होता. त्यात मेलेल्या गोचिडी मण्यांसारख्या अडकल्या होत्या.

खाली जे उरले ते एवढेसे होते. गुलाबी, डागाळलेले, बरगड्या मोजता येतील असे. बाईने ते पाहिले आणि एवढेच म्हणाली, “हा एवढाच होता?”

डॉक्टरांनी जखम धुतली, पिवळे औषध भरले, पट्टी बांधली. तोवर नवरा दारात येऊन उभा राहिला. स्वच्छ माणूस, पांढरे बूट. उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकले नाही. टेबलाकडे पाहून तो शहारला आणि मग हसला. म्हणाला, हा तर उंदीर झाला. डॉक्टरांनी त्या सांभाळणाऱ्या मंडळींचा विषय काढायच्या आधी त्यानेच काढला: कोणी नेत असेल तर नेऊ द्या, आपली काही हरकत नाही, आखूड केसांचा बघू दुसरा. बोलताना तो पुन्हा हातांना औषधी पाणी चोळत होता.

डॉक्टरांनी मावशीकडे पाहिले. शब्द तिचा होता, आणि तो तिने सकाळीच देऊन टाकला होता.

बाईने नवऱ्याकडे पाठ फिरवली. तिने मावशीला विचारले, केस परत येतील ना?

“येतील. आणि दिवसाआड कंगवा नाही फिरला तर परत असेच होतील.”

“मग शिकवा मला.”

“चावेल.”

“चावू दे. तुम्ही शिकवा.”

मावशीने भिंतीवरचा कंगवा काढला, बारीक दातांचा नव्हे, रुंद दातांचा. हीच वेळ चांगली, तिने सांगितले. आता ओढायला केसच नाहीत, म्हणजे दुखणार नाही. न दुखता कंगवा अंगावरून फिरतो, हे त्याला आधी कळू दे. कुत्रा शुद्धीवर येत होता, मान डुगडुगत होती. कंगवा दिसताच त्याने तशाही अवस्थेत ओठ वर ओढले आणि गुरगुरला. बाईचा हात थबकला. मग तिने आधी कंगव्याची पाठ त्याच्या मानेला लावली, कंगवा उलटवला आणि उघड्या गुलाबी कातडीवरून, जिथे एक केस नव्हता तिथून, हळूच शेपटीकडे नेला. पुन्हा मानेपाशी. पुन्हा शेपटीकडे. गुरगुर बराच वेळ चालू होती. हातही चालू होता.

“डॉक्टर,” मावशी म्हणाली, “त्या लोकांना फोन नका करू.”

डॉक्टरांनी पट्टी बदलायला कधी आणायचे ते बाईला सांगितले.

नवऱ्याचे म्हणणे होते की ठीक आहे, पण गाडीत नको. सीट नव्या आहेत, वास महिनाभर जाणार नाही. पिंजऱ्यात, डिकीत ठेवायचा तर ठेव. बाई म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. तिने खांद्यावरची ओढणी काढली, तिच्यात कुत्र्याला पट्टीसकट गुंडाळले आणि छातीशी घेतले. कंगवा तिच्याच मुठीत होता. मावशीने तो मागितला नाही.

मावशी पायरीपर्यंत आली. दुपारचे ऊन होते. गाडी निघून गेली आणि रस्त्याच्या कडेने बाई चालत राहिली. पिवळे औषध ओढणीतून झिरपून तिच्या सदऱ्यावर उतरले होते. समोरून येणारी दोन माणसे नाक धरून बाजूला झाली. कोपऱ्यावर तिने कुत्र्याला दुसऱ्या खांद्यावर घेतले, मान वळवून एकदा बाजूला थुंकली, ओठ पुसले आणि पुन्हा चालू लागली.