सायकलीला बोटीत जागा मिळाली

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हटले की तुम्ही लगेच वाकून गंज शोधायला लागता. शोधू नका, आता तो नाही. मला घासूनपुसून, नवी चेन घालून, निळा रंग देऊन उभे केले आहे. येणाराजाणारा माझे कौतुक करतो आणि त्या कौतुकाचा मला मनापासून संताप येतो. का येतो, ते ऐका.

कारखान्यातून मी एका दुकानात आले. तिथे मला छताला उलटे टांगले होते. एका सुताराने मला खाली उतरवले, चाके फिरवून पाहिली आणि घरी नेले. त्याची बहीण लग्न होऊन समुद्रातल्या एका बेटावर राहत होती. तो तिला धाकटी म्हणे आणि ती त्याला दादा. बेटाच्या या टोकाला तिचे घर, त्या टोकाला दवाखाना. तिथल्या नर्सला हाताखाली बाई हवी होती. "सकाळी वेळेवर येशील तर काम तुझं," असे तिने धाकटीला सांगितले होते. घरचे पाणी, स्वयंपाक उरकून तेवढे अंतर पायी वेळेत कापणे कुणालाच जमले नसते. म्हणून धाकटीने बोटवाल्याकडे निरोप दिला होता, की दादा, मला एक सायकल दे, पुन्हा काही मागणार नाही.

मला पाहून बोटवाल्याने कपाळाला हात लावला.

"अहो सुतारदादा, तिथे रस्ता तो केवढा! अर्ध्यावर नारळ पडतात नि अर्ध्यावर शेळ्या बसतात. चालवणार कोण ही?"

"माझी बहीण."

"येते तिला?"

"शिकेल की!"

त्याचे ते बोलणे ऐकून मी हरखून गेले. बोटीच्या टपावर कांद्याच्या पोत्यांना टेकवून मला बांधले. वाटेत लाटा उसळू लागल्या, तेव्हा दादाने अंगातला सदरा काढून माझ्या चेनवर गुंडाळला आणि स्वतः उघड्या अंगाने भिजत बसला. वस्तू कशी जपावी हे या माणसाला कळते, असे मला वाटले. ते त्याला खरोखरच कळत होते.

धक्क्यावर धाकटी नवऱ्यासोबत उभी होती. मला खाली उतरवताच तिने हात पुढे केला. पण दादा पडला रीतीभातीचा माणूस! जावई समोर उभा असताना बहिणीच्या हातात सरळ वस्तू कशी द्यायची? त्याने माझे हँडल तिच्या नवऱ्याकडे दिले आणि म्हणाला, "घ्या जावईबापू, तुमच्यासाठीच आणली. हिलाही शिकवा, जमलं तर." धाकटीचा हात तसाच राहिला. मग तिने उगीच माझी घंटी वाजवून पाहिली. दादा त्याच बोटीने परत गेला.

जावईबापूंचे मासळीचे दुकान होते. माझ्या कॅरिअरवर बर्फाची पेटी चढली ती चढलीच. धक्का ते दुकान, दुकान ते धक्का. धाकटीने विषय काढला की ते हसत म्हणायचे, "आधी माझा धंदा, मग तुझी हौस." नर्सने आणखी थोडे दिवस थांबते म्हणून कळवले होते. धाकटीचा जीव टांगणीला लागला होता.

दुपारी जेवून जावईबापू घोरायला लागले की ती मला हळूच बाहेर काढायची. रस्त्यावर शिकायची सोय नव्हती, चारचौघांनी पाहिले असते. पण ओहोटी लागली की किनाऱ्याची ओली वाळू घट्ट होते. तिथे ती शिकली. पडली, गुडघे फुटले, पुन्हा बसली. एके दिवशी ती न पडता पार खडकापर्यंत गेली आणि एकटीच मोठ्याने हसली. तसे हसताना मी तिला पुन्हा कधी पाहिले नाही.

खारे पाणी माझी चेन खात होते. ते तिलाही दिसत होते. बेटावर गोड पाण्याची टंचाई, तरी ती स्वतःच्या पिण्यातले पेलाभर पाणी वाचवून जुन्या फडक्याने माझी कडी न् कडी पुसायची. मला गंजायचे काहीच वाटत नव्हते. एवढ्या चांगल्या कामासाठी गंजणारी सायकल मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

नर्सने दवाखान्यात कामावर यायचा दिवस ठरवून दिला, त्याच्या आदल्या दिवशी चेन अडकली. जावईबापूंनी मला उलटे केले. कड्यांमधून बारीक शिंपल्यांचा चुरा पडला.

"माझ्या रस्त्यावर शिंपले कुठून आले ग?"

"अहो, मी शिकले. येते मला आता. उद्या जाऊ द्या ना..."

ते ओरडले नाहीत. आत जाऊन पाना घेऊन आले आणि माझी पेडलं काढू लागले. उजवे पटकन निघाले. डाव्याचे आटे उलटे असतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते जोर लावत राहिले आणि पेडल आणखीच घट्ट होत गेले. निघू नये म्हणून मी देवाला हात जोडले असते, पण मला हात नाहीत. शेवटी शेजाऱ्याने कुंपणापलीकडून सल्ला दिला, "अहो, उलटं फिरवा!" शेजारी मदतीला अगदी तत्पर होता.

दुसऱ्या दिवसापासून जावईबापू बर्फ डोक्यावरून वाहू लागले. मान दुखायची, कपडे भिजायचे, पण वाहिला. धाकटी चार दिवस पायी दवाखान्यात गेली. रोज उशीर झाला. नर्सने दुसरी बाई ठेवली. मला परसात टाकले, माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. एकदा धाकटी फडके घेऊन आली, माझ्याकडे पाहत उभी राहिली आणि तशीच आत गेली.

पुढे खूप वर्षांनी दादा आला. परसात जाऊन त्याने मला पाहिले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्यासाठी, बरे का!

"काय ही दशा केलीस ग धाकटे? सदरा काढून गुंडाळून आणली होती मी हिला. तुला साधं तेल घालता आलं नाही?"

धाकटी दाराशी उभी होती. नवरा आत होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. मग आवाज खाली करून म्हणाली, "दादा, मला घेऊन चल. थोडे दिवस तरी."

दादाने माझ्या चाकावरची विष्ठा खरवडली. तो म्हणाला, "पुढच्या खेपेला बघू. आता ही न्यायची आहे ना, बोटीत जागा कुठे आहे? पोरीला होईल माझ्या."

त्याने मला धक्क्यापर्यंत खांद्यावर नेले. बोटवाला म्हातारा झाला होता. "चालवली का हो बहिणीनं?" त्याने विचारले. दादा म्हणाला, "कुठली! बिचारीची पार वाट लावली." बिचारी म्हणजे मी. धाकटी धक्क्यावर उभी होती. बोट सुटली तरी उभीच होती.

मित्रांनो, आता दादाची मुलगी मला चालवते. दर रविवारी मला तेल मिळते. सायकलींची निगा राखा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्हाला येते. मला एवढेच म्हणायचे आहे, की लोखंड कितीही गंजले तरी थांबू शकते. धक्क्यावर कुणी उभे असेल तर आधी त्याला बोटीत घ्या. मी पुढच्या खेपेला आले असते.